वाचकांचे प्रश्न : ‘रद्द करा’ हे बटण येते कुठून?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बऱ्याच पत्रांची तक्रार एकच आहे: सॉफ्टवेअर चालते, पण वापरवत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच एका विषयावरचे घेतले आहेत. ‘युजेबिलिटी’ला मी येथे वापरसुलभता म्हटले आहे. काही जण त्यासाठी ‘उपयुक्तता’ हा शब्द योजतात, पण उपयोगी असणे आणि वापरायला सोपे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाते दळायला उपयोगी होतेच. ते ओढणारीला सोपे होते, असे कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : आमची सहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी आम्ही हळदीचे सौदे आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशेब) यांचा प्रोग्रॅम सात महिने खपून तयार केला. शेवटी पुण्याच्या एका डिझायनरकडून सगळे स्क्रीन देखणे करून घेतले. तरीही दुकानातले हिशेब लिहिणारे दिवाणजी नाखूश आहेत. चुकून केलेली पट्टी मागे घेता यावी, अर्धवट पट्टी तशीच ठेवता यावी आणि लांबलेला रिपोर्ट मध्येच थांबवता यावा, अशा त्यांच्या तीन मागण्या आहेत. आमचे मुख्य प्रोग्रॅमर म्हणतात की, यासाठी निम्मा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागेल. तीन बटणांना एवढा खर्च कसा? आणि मुळात वापरसुलभता हे डिझायनरचे काम की सॉफ्टवेअरची रचना आखणाऱ्या आर्किटेक्टचे? — एक उद्योजक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमचे प्रोग्रॅमर बरेचसे खरे बोलत आहेत आणि डिझायनरकडेही दोष जात नाही. तिला सातव्या महिन्यात बोलावले; तोवर या तिन्ही मागण्यांचा निकाल तुमच्या डेटाबेसच्या टेबलांमध्ये, म्हणजे माहिती साठवण्याच्या तक्त्यांमध्ये, लागून गेला होता.

वापरसुलभता शेवटी वरून चढवता येते, ही समजूत आपल्या क्षेत्रात जुनी आहे आणि तिचे मूळ एका चांगल्या कल्पनेत आहे. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली. माहिती आणि तिचे नियम एकीकडे, ती दाखवणारा स्क्रीन दुसरीकडे, आणि माणसाने केलेली क्रिया आत पोहोचवणारा भाग तिसरीकडे, अशी ही विभागणी आहे. तिच्यामुळे स्क्रीन बदलला तरी गाभ्याला हात लावावा लागत नाही, आणि म्हणून ती आजही टिकून आहे. मात्र स्क्रीन वेगळा काढता येतो म्हणजे वापरसुलभताही वेगळी काढता येते, असा चुकीचा अर्थ त्यातून घेतला गेला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लेन बास आणि बॉनी जॉन यांनी सहकाऱ्यासह २००१ मध्ये लिहिलेल्या अहवालात हा अर्थ खोडून काढला. चालू काम रद्द करणे, केलेले काम मागे घेणे, काम कुठवर आले ते दाखवणे, अनेक नोंदींवर एकदम क्रिया करणे, असे दोन डझनांहून अधिक प्रसंग त्यांनी मांडले. यांतल्या प्रत्येकाची तजवीज रचनेतच करून ठेवावी लागते. स्क्रीन कितीही नीट वेगळा ठेवला असला, तरी त्याने भागत नाही.

तुमच्या ‘थांबवा’ या बटणाचेच पाहा. हंगामभराच्या सौद्यांचा रिपोर्ट निघायला वेळ लागतो, आणि त्या वेळात प्रोग्रॅम हिशेबात गुंतलेला असतो. हिशेब करणारा आणि हाक ऐकणारा गडी एकच असेल, तर हिशेब संपेपर्यंत हाक ऐकायला कोणीच नाही. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे हिशेबाला वेगळा गडी द्यावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, मध्येच थांबवले तर तोवर अडवून ठेवलेल्या नोंदी मोकळ्या कराव्या लागतात, अर्धवट लिहिलेली तात्पुरती माहिती पुसावी लागते आणि शेजारच्या काउंटरवर त्याच नोंदींची वाट पाहत बसलेल्या संगणकाला वाट करून द्यावी लागते. यांतले काहीही बटणाचे चित्र काढून होत नाही.

चूक मागे घेण्याची वाट आधी आखलेली नसेल तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या हवाई राज्याने जगाला दाखवले. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी तेथील लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. तो खोटा होता. इशारा पाठवण्याची सोय तयार होती. तो चुकीचा ठरला तर तसे कळवणारा संदेश मात्र तयार नव्हता, आणि लोकांच्या फोनवर दुरुस्ती पोहोचायला ३८ मिनिटे गेली.

आता पट्टी मागे घेण्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला खरा ऐवज तेथे आहे. दिवाणजी जे मागत आहेत ते त्यांच्याकडे कागदावर होतेच. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, खाडाखोड करायची नाही, हा हिशेबाचा पहिला धडा असतो. चुकून कोणाच्या नावे पडलेली रक्कम पुसत नाहीत. तेवढीच रक्कम त्याच खात्यावर जमा धरतात आणि शेजारी कारण लिहितात. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहतात, आणि शिल्लक ही केव्हाही नोंदींवरून काढायची गोष्ट असते. तुमच्या प्रोग्रॅमने बहुधा याच्या उलट केले आहे. शेतकऱ्याच्या उचलीची बाकी ४२,००० रुपये होती, पट्टीतून ६,५०० वळते केले आणि त्याच रकान्यात ३५,५०० लिहिले. आधीचे ४२,००० गेले. ते का बदलले, कोणत्या पट्टीने बदलले, हे आता त्या रकान्याला सांगता येत नाही, म्हणून मागे फिरायलाही वाट नाही. शे-दोनशे वर्षांची वहीची रीत संगणकावर आणताना तिच्यातला शहाणपणाचा भाग तेवढा वगळला गेला, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्याचे कारणही साधे आहे: प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वहीतली रकान्यांची नावे उतरवून घेतली, वही लिहिणाऱ्याच्या शेजारी तो बसला नाही.

काही वर्षांपूर्वी हळदीच्या हंगामात मी एका दुकानात सकाळभर बसून होतो. सौदा एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत होता. दिवाणजींच्या कानाशी फोन, समोर दोन शेतकरी, आणि तोलाईच्या चिठ्ठ्या मागेपुढे येत होत्या. एका मालाचा दर ठरला होता, पण वजन यायचे होते. दुसऱ्याचे वजन आले होते, पण शेतकऱ्याचे खाते सापडत नव्हते. वहीत ते तेवढी जागा कोरी सोडत आणि पानाचा कोपरा दुमडून पुढे जात. शेजारच्या संगणकावरचा प्रोग्रॅम मात्र ‘वजन रिकामे चालणार नाही’ असे म्हणून अडून बसला होता. शेवटी दिवाणजींनी वजनाच्या जागी १ लिहिले आणि वाट काढली. दुपारी त्यांतली एक पट्टी तशीच छापून गेली. शेतकऱ्याच्या हातात एक किलो हळदीची पट्टी पडल्यावर काय झाले असेल, ते सांगायला नको.

मौज अशी की, आपल्या बाजाराच्या भाषेत यासाठी ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ हे नेमके शब्द आहेत. ते डेटाबेसमध्ये तेवढे नसतात. पट्टीला ‘कच्ची’ ही अवस्था दिली आणि सक्तीचे सगळे नियम ‘पक्की’ होण्याच्या क्षणावर नेऊन बसवले, की तुमची दुसरी मागणी पुरी होते.

निम्मा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागेल असे मला वाटत नाही. पट्टी आणि खतावणी (खातेवही) हे दोन भाग मात्र उघडावे लागतील. सुरुवात तेथूनच करा. यापुढे पक्की झालेली नोंद बदलायची नाही आणि पुसायची नाही, मागे घ्यायची झाल्यास उलट नोंद घालायची, आणि शिल्लक नोंदींवरून काढायची. त्याने प्रोग्रॅम संथ झाला तर काढलेली शिल्लक बाजूला साठवून ठेवा, पण ती केव्हाही पुन्हा नव्याने काढता येईल अशीच ठेवा. त्यानंतर कच्ची पट्टी, आणि रिपोर्ट सर्वांत शेवटी, कारण रिपोर्ट लांबल्याने नुसता वेळ जातो. पट्टी चुकली तर दुकानाची पत जाते. राहिला ‘काम कोणाचे’ हा प्रश्न. पुढच्या प्रोग्रॅमच्या वेळी टेबले आखण्याआधी डिझायनर आणि आर्किटेक्ट या दोघांनाही एका सकाळी दिवाणजींच्या गादीशेजारी बसवा. कोणाचे काम कोणते, हे त्यांचे त्यांना कळेल.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाच्या दस्तऐवजात वापरसुलभतेचा रकाना असतो. त्यात आम्ही सगळे ‘सॉफ्टवेअर युजर-फ्रेंडली असावे’ असे लिहितो. सरांनी ते खोडले, पण काय लिहावे ते सांगितले नाही. — एक विद्यार्थिनी

उत्तर : सरांनी खोडले ते बरे केले. ते वाक्य तपासता येत नाही. ज्याला कोणीही कधी ‘नाही’ म्हणू शकत नाही, ती अपेक्षा नव्हे, सदिच्छा आहे.

आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले आणि २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यातली वापरसुलभतेची व्याख्या तुमच्या कामाची आहे. ठरावीक माणसे, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक परिस्थिती धरून ते उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी खटाटोपात आणि कितपत समाधानाने गाठले जाते, असे ती विचारते. म्हणजे ‘हे सॉफ्टवेअर सोपे आहे’ एवढ्याने भागत नाही. कोणाला, कशासाठी आणि कुठे सोपे आहे, हे सांगावे लागते. तेव्हा असे लिहा: ‘पट्टी करण्याचा अनुभव असलेला, पण हा प्रोग्रॅम पूर्वी न पाहिलेला दिवाणजी, सौदे चालू असताना, कोणाला न विचारता दहा पोत्यांची पट्टी चार मिनिटांत करील, आणि चूक झाल्यास ती स्वतःच मागे घेईल.’ यातली चार मिनिटे मी उदाहरणादाखल घातली आहेत. तुमचा आकडा तुम्ही आजचे काम घड्याळ लावून पाहून ठरवायचा आहे.

प्रतिसादाच्या वेळाबद्दल मात्र तयार मापे आहेत. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही धरल्या जातात. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आले तर माणसाला ते आपल्याच हाताने झाल्यासारखे वाटते. १ सेकंदापर्यंत विचाराची लय तुटत नाही. १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जाते. हे आकडे स्क्रीनविषयी वाटतात, पण ते रचनेविषयी आहेत. १० सेकंदांपेक्षा जास्त लागणारे काम तुम्हाला पार्श्वभूमीवर टाकावे लागेल, ते कुठवर आले हे सांगावे लागेल आणि ते थांबवण्याची सोय द्यावी लागेल. वरच्या उत्तरातला तो वेगळा गडी आठवा.

चाचणीसाठी शंभर माणसे लागत नाहीत. नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्येच दाखवले की, चाचणी घेतलेल्या माणसांची संख्या वाढत जाते तसे नवे दोष झपाट्याने कमी सापडत जातात. त्यावरूनच पुढे पाच माणसांची एक चाचणी, दुरुस्ती, मग पुन्हा पाच माणसे, हा पायंडा पडला. अट एकच आहे: ती पाच माणसे खरोखर ते काम करणारी असावीत. होस्टेलवरची मैत्रीण हळदीची पट्टी करीत नाही. आणि चाचणी घेताना तुम्ही गप्प बसायचे आहे. समोरचा माणूस चुकीच्या बटणाकडे निघाला की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मांडीखाली दाबून ठेवावा, असा माझा स्वानुभवाचा सल्ला आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. एका संकेतस्थळावर मोठा अर्ज भरत होते. मध्येच एक कागद कपाटातून काढायला उठले. परत येते तो ‘वेळ संपली’ असे लिहून आले आणि सगळा अर्ज कोरा झाला. दुसऱ्यांदा गावाचे नाव ‘कऱ्हाड’ असे टाइप केले, तर ‘असे गाव नाही’ असे उत्तर आले, आणि खाली यादीत तर तेच गाव दिसत होते. मुलगा म्हणतो, आई, आता तुला हे जमायचे नाही. हा वयाचा दोष आहे का? — एक वाचक, कराड

उत्तर : बाई, वयाचा यात काही संबंध नाही. पंचविशीतला माणूसही कागद शोधायला उठतोच.

ठरावीक वेळ हालचाल नसेल तर संकेतस्थळाने माणसाला बाहेर काढावे, यामागे कारण आहे. अनेक जण सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर अर्ज भरतात आणि तसेच उठून जातात. पण बाहेर काढणे वेगळे आणि लिहिलेले फेकून देणे वेगळे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.० या २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि एखादी साधी कळ दाबून मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असे सांगितले आहे. त्याच तत्त्वांच्या अधिक कडक पातळीवर, पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे चालू ठेवता आले पाहिजे, अशीही अट आहे. ती पाळायची तर अर्धवट अर्ज सर्व्हरवर साठवावा लागतो, म्हणजे पुन्हा ती कच्ची पट्टीच. ज्यांनी ‘अर्ज हा पूर्णच असतो’ असे गृहीत धरून टेबल आखले, त्यांना ही सोय मागाहून देणे फार जड जाते.

गावाच्या नावाची गोष्ट अधिक मजेदार आहे. स्क्रीनवर ‘कऱ्हाड’ हे नाव हुबेहूब एकसारखे दिसत असले, तरी संगणकात ते एकाहून अधिक तऱ्हांनी साठवलेले असू शकते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नुक्ता (खालचे टिंब) असलेले ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) देऊन ह जोडला की ते चंद्रकोरीसारखे अर्धे र मिळते. साधे र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही नेमके तसेच अर्धे र उमटते. काही कीबोर्ड पहिली रीत वापरतात, काही दुसरी. तुमच्या डोळ्यांना एकच शब्द दिसतो, शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला दोन निराळे दिसतात आणि तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. ‘ॲप’मधल्या ॲ चेही तेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी अ आणि वरचा अर्धचंद्र अशी जोडणी केली जाई, आणि अशी जुनी माहिती आजही पडून आहे. शिवाय आपल्या गावाला कराड आणि कऱ्हाड ही दोन्ही नावे आहेत, ते वेगळेच.

यावर उपाय आहे. माणसाने लिहिले ते जसेच्या तसे ठेवावे. त्याच्या शेजारी शोधासाठी एक वेगळे रूप साठवावे, ज्यात अदृश्य चिन्हे काढलेली आणि समान अक्षरे एक केलेली असतील. आणि गावाची दोन्ही नावे एकाच क्रमांकाशी बांधावीत. हे पहिल्या दिवशी ठरवले तर एका रकान्याचे काम आहे. लाखो अर्ज साठल्यावर ठरवले तर ते कित्येक महिन्यांचे होऊन बसते. तोवर तुम्ही लांब मजकूर आधी दुसरीकडे लिहून मग अर्जात चिकटवा, आणि गावाचे नाव टाइप न करता यादीतून निवडा. मुलाला हे उत्तर वाचून दाखवायला हरकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळचा तासगावचा. आमचा ग्राहक पैसे मोजतो ते सोयींसाठी, सुलभतेसाठी नव्हे. मोठमोठ्या बँकांची सॉफ्टवेअर कुरूप आणि किचकट असतात आणि तरी वर्षानुवर्षे चालतात. शिकलेली माणसे सवयीने शिकतातच की. मग हा चोचला कशाला? — एक वाचक

उत्तर : बँकेचेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला मध्यस्थ म्हणून रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज त्या कर्जाच्या धनकोंना द्यायचे होते. प्रत्यक्षात व्याजाबरोबर बँकेच्या स्वतःच्या खिशातून जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले. हे काम करणारी माणसे शिकलेली होती, सवयीची होती, आणि नियमाप्रमाणे तिघांनी व्यवहार तपासून मंजूर केला होता.

वर्तमानपत्रांत गाजला तो स्क्रीन. मुद्दल बँकेतल्याच एका अंतर्गत खात्यात वळवायची तर ‘फ्रंट’, ‘फंड’ आणि ‘प्रिन्सिपल’ या तिन्ही चौकटी भरायच्या होत्या. तिघांचीही समजूत अशी की, एकट्या ‘प्रिन्सिपल’ने भागते. पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे का, असे प्रोग्रॅमने विचारलेही. किती पैसे, ते मात्र त्या सूचनेत नव्हते. रोज शंभर वेळा ‘होय’ म्हणणाऱ्या माणसाने एकशे एकाव्या वेळीही ‘होय’ म्हटले तर नवल काय?

मला यातली अधिक बोलकी गोष्ट स्क्रीनच्या मागची वाटते. त्यांना जे करायचे होते, ते करण्याची सरळ वाट त्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. म्हणून सगळे कर्जच फेडल्याची नोंद करायची, म्हणजे व्याज सर्वांना जाईल, आणि मुद्दल आतल्या आत वळवायची, अशी आडवाट माणसांनी शोधली होती. वजनाच्या जागी १ लिहिणारे आमचे दिवाणजी आणि ही बँक यांत फरक फक्त शून्यांचा आहे. तुमच्या ग्राहकाच्या कचेरीत अशा किती आडवाटा रूढ झाल्या आहेत, ते एकदा विचारून पाहा. माणसे त्या चोरून सांगतात, कारण त्यांना वाटते की चूक आपली आहे.

धनकोंपैकी काहींनी सुमारे ५० कोटी डॉलर परत द्यायला नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरोधात गेला, तो सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने फिरवला. म्हणजे पैसे मिळण्याची वाट अखेर मोकळी झाली, पण दोन वर्षे वकिलांच्या दारात गेली. ग्राहकाला ‘सुलभता’ हा शब्द ऐकवू नका. त्याच्या माणसांना एक चूक निस्तरायला आज किती वेळ लागतो, एवढे मोजून दाखवा.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यात एका दूध संकलन केंद्रावर काम करतो. सकाळी रांग असते, नेट संथ असते. ‘साठवा’ दाबले तरी काही हलत नाही म्हणून पुन्हा दाबतो, तर कधी नोंद दोनदा पडते, आणि लाइट गेली तर एकदाही पडत नाही. मालक म्हणतात, नीट दाबत जा. — एक वाचक

उत्तर : ‘नीट दाबत जा’ हा सल्ला बटणाच्या कारागिराला द्यायचा असतो, दाबणाऱ्याला नव्हे. दाबल्याबरोबर काही घडले नाही, तर माणूस पुन्हा दाबणारच; लिफ्टचे बटण आपण सगळेच पुन्हा पुन्हा दाबतो.

प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगा. किटली मापली की नोंद आधी तेथल्या तेथे, केंद्रावरच्या संगणकाच्या डिस्कवर लिहिली जावी, आणि नेट येईल तेव्हा ती सावकाश पुढे जावी. स्क्रीनवर ‘येथे साठवले’ आणि ‘पुढे पोहोचले’ अशा दोन वेगळ्या खुणा दिसाव्यात. दुसरे असे की, प्रत्येक नोंदीला तिचा क्रमांक केंद्रावरच मिळावा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी सर्व्हर एकच ठेवील. यासाठी स्क्रीनमध्ये फारसे काही बदलावे लागत नाही. नोंदीचा प्रवास मात्र मुळापासून आखावा लागतो. लाइटसाठी बॅटरी लागेलच, ते मालकांना सांगा.

तोवर दहा दिवसांचे बिल निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एकाच उत्पादकाच्या, एकाच वेळच्या आणि तेवढ्याच लिटरच्या जोडनोंदी काढून वहीशी ताडून पाहा. मात्र अनेक घरांतून गायीचे आणि म्हशीचे दूध वेगळ्या किटल्यांतून येते, तेव्हा दोन नोंदी दिसल्या की लगेच एक खोडू नका. आधी फॅट पाहा.